पिवळा दिवा आणि डावा अंगठा

प्रिय शहाण्या,

हे नाव तुला मीच ठेवलं होतं, तू चार वर्षांचा असताना. तेव्हापासून ते खरं करून दाखवायला तू धडपडतोयस, आणि अजून जमलेलं नाही. तुझा लिफाफा मिळाला. बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचा अर्ज, त्यावर तुझी झोकदार सही, आणि मी कुठे सही करायची तिथे पेन्सिलीची फुली, जणू मला वाचताच येत नाही. त्याचं उत्तर देते, पण आधी गाडीचं ऐक. तू नवी घेतलीस तेव्हा बाबांना दवाखान्यात न्यायला बरी पडेल म्हणून मोठ्या मनाने जुनी आम्हाला दिलीस, तीच गाडी.

किल्ली दिलीस त्या सकाळी डॅशबोर्ड कसा लख्ख होता. पाचव्या दिवशी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तुला फोन केला, तर म्हणालास, अगं तो लागतोच अधूनमधून, स्कॅनर लावून पुसून टाकायचा. म्हणजे आम्हाला देण्याआधीही तू तो पुसलाच होतास. सख्ख्या बहिणीच्या तोंडाला पानं पुसायची आणि वर ते हसत सांगायचं, हे तुलाच जमतं. मग तो काडेपेटीएवढा स्कॅनर पार्सलने पाठवलास. मी दिवा पुसायची, चार-पाच दिवसांनी तो परत हजर. स्कॅनर दर वेळी एकच सांगायचा, की इंजिनात हवा जास्त जाते आहे आणि पेट्रोल कमी. त्यावर तू तिकडे खुर्चीत बसून अकलेचे तारे तोडायचास. सेन्सर गेलाय म्हणालास, तो बदलला. प्लग म्हणालास, तेही बदलले. मग पेट्रोलच भेसळीचं ठरवलंस. काचेच्या ऑफिसातल्या तुझ्या त्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने तर बॉनेट न उघडताच मान डोलावली. भर चौकात सिग्नलला गाडी बंद पडली, शेजारी बाबा, मागे हॉर्नचा कल्ला, तेव्हा तू दिलेला सल्ला मी जन्मात विसरणार नाही. दिव्यावर काळी चिकटपट्टी लाव म्हणालास.

बाबांच्या बाबतीत तू तेच केलंस. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात आणि बोलणं गेलं, त्याला वर्ष झालं. या वर्षात तू दोनदा आलास. बहिऱ्याशी बोलावं तसा त्यांच्या कानाशी ओरडलास, उत्तर आलं नाही म्हणून त्यांच्या देखतच मला म्हणालास की यांना आता काही कळत नाही. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बत्तीस वर्षं बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ज्याच्या शब्दावर इंजिनं उतरवली जायची, त्या माणसाचा तू चहाचे दोन घोट घेता घेता निकाल लावलास. मला तुझी किळस आली. आजही येते.

पण मी तरी कुठली शहाणी? दोन महिने प्रत्येक सिग्नलला बाबा डाव्या हाताने डॅशबोर्डवर टकटक करायचे, माझी बाही ओढायचे. मी हो बाबा, हो बाबा म्हणायची आणि रेडिओ मोठा करायची. आजारपणाचा चाळा असेल, असं मीही ठरवून टाकलं होतं. शेवटी बहीण तुझीच.

गेल्या शनिवारी फाटकातून निघतानाच गाडी थरथरायला लागली. मी इंजिन तसंच चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि नुसती बघत उभी राहिले. बाबा काठी टेकत आपले आपण उतरले. नळाला लावायचा रबरी पाइपचा तुकडा पायरीवर पडला होता, काठी माझ्या हातात देऊन तो त्यांनी उचलला. पाइपचं एक टोक खांद्याने कानाशी दाबून धरलं आणि दुसरं इंजिनावरून इंचाइंचाने फिरवायला लागले. डॉक्टर छाती तपासतात तसं. मागच्या बाजूला एक बोटभर जाडीची नळी वळून खाली जाते, तिथे थांबले. पाइप टाकून दिला आणि नळीच्या खालच्या अंगाला अंगठा दाबला. इंजिन शांत झालं. अंगठा काढला, परत थरथर. दाबला, शांत. मठ्ठ मुलीला समजावं म्हणून त्यांनी हे तीनदा केलं. नळी वळणावर चिरली होती आणि तिथून हवा आत ओढली जात होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत नवी बसवली. दिवा कोणी पुसला नाही, चौथ्या दिवशी आपोआप गेला.

आता तुझ्या अर्जाचं. बाबा कुठेही जाणार नाहीत, माझ्याजवळच राहतील. पण शनिवारी सकाळी मी त्यावर सही केली होती, हे तुझ्यापासून लपवत नाही. दमले होते मी. अर्ज पोस्टात टाकायलाच निघालो होतो आणि तो गाडीच्या पुढच्या कप्प्यात, फडक्याखाली होता. मी मेकॅनिकशी बोलत होते, तेवढ्यात बाबांनी हात पुसायला कप्पा उघडला. मी वळून पाहिलं तर ते अर्ज वाचत होते. पान उलटून, शेवटपर्यंत. तुझी सही पाहिली, माझीही पाहिली. फडकं मांडीवरच होतं, तरी तेलाने काळा झालेला अंगठा त्यांनी कागदावर टेकवला आणि मग अर्ज घडी घालून माझ्या हातात दिला. मला वर बघवेना. त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घे, असं तू लिहिलं होतंस, तो मी पोस्टातल्या शाईवर घेणार होते. घेतलाय. फक्त तो ठरलेल्या चौकटीत नाही, तुझ्या अक्षरातल्या त्या ओळीवर आहे, रुग्णाला काहीही कळत नाही. अर्ज सोबत जोडलाय, ठसा नीट उमटलाय का बघ.

तुझीच, आणि याला आता इलाज नाही,
ताई