अडीचशे नॉटच्या आत

३ जून, सकाळ.
नियम पुन्हा वाचला. दहा हजार फुटांखाली कोणत्याही विमानाने अडीचशे नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे दोनशे नव्वद मैलांच्या, पुढे जायचं नाही. कोणत्याही म्हणजे माझ्याही. कॅन्ससच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांना गाडी चालवायला शिकवली, वेगमर्यादा काय असते ते मला कुणी सांगू नये. संकल्प: आपण दोनशे चाळीसलाच थांबायचं.

विमानाला फक्त पासष्ट घोड्यांचं इंजिन, दोन सीटा आणि कापडी पंख आहेत, हे मान्य. पण जुना वेगमापक एकशे साठ मैलांवरच संपायचा. त्याने माणूस खचतो. आज जेटमधून काढलेला बसवून घेतला. चारशे नॉटपर्यंत आकडे. लाइल मेकॅनिक बसवताना गालात हसत होता. माझाच जुना विद्यार्थी. पार्किंगमध्ये दोनदा नापास.

५ जून.
अर्लीन कबूल झाली! लग्नाची बायको, पण विमान घेतल्यापासून अकरा वर्षांत त्यात पाय ठेवला नाही. सव्वीसला तिच्या बहिणीचा, नेल्डाचा साठावा वाढदिवस, डॉज सिटीला. म्हणाली, तोवर एकही भानगड केली नाहीस तर येईन. एवढंच ना. खरं सांगायचं तर ती मागची रिकामी सीट मी दर उड्डाणाआधी पुसून ठेवतो.

९ जून.
पंखाखालच्या नळीत वारा शिरतो, त्यावरून वेग कळतो. त्या नळीची लाल टोपी सापडत नाही. चार दिवस उघडी राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे? नवी मागवू. सवडीने.

१४ जून, दुपार.
धावपट्टीवर धावतानाही काटा शून्यावर होता. नवीन जागा, बुजला असेल म्हटलं. वर गेलो आणि सुटलाच. हजार फुटांवर दीडशे. तीन हजारांवर दोनशे पंचावन्न. जितकं उंच तितकं जोरात. या विमानाला आजवर कुणी ओळखलंच नाही.
खाली रस्त्यावर गव्हाचा ट्रक बराच वेळ सोबत होता. उंचीवरून असे भास होतात.

१४ जून, संध्याकाळ.
म्हणजे मी कायदा मोडला. पण आम्हा वैमानिकांची एक सोय आहे. आपली चूक दहा दिवसांत स्वतःहून फॉर्मवर कळवली की शिक्षा टळते. भरला. अपराध: अतिवेग. तीन प्रती काढल्या. एक फ्रेमवाल्याकडे दिली.

१५ जून.
क्लबच्या पॅनकेक न्याहारीला फक्त सहा जणांना सांगितलं. अगदी गुप्त. अर्लीनला नाही.

२१ जून.
फॉर्मवाल्या ऑफिसातून बाईंचा फोन. इंजिन केवढं, विचारलं. पासष्ट घोडे म्हटलं. म्हणाल्या, पुन्हा सांगा. भारावल्या असाव्यात. मग विचारलं, धावपट्टीवर धावताना काटा कुठे होता. शून्यावर. म्हणाल्या, साहेब, ती नळी कुणाकडून तरी बघून घ्या, आणि तोवर कृपा करून उडू नका.

२२ जून.
लाइलने नळीतून वाटीभर चिखल काढला. कुंभारीण माशीने आत घर बांधलं होतं. म्हणाला, सर, नळी बुजली की काटा वेग नाही, उंची दाखवतो. तुम्ही जेमतेम पंच्याऐंशी मैलांनी जात होतात. आणि खरा वेग माहीत नसताना उतरलात, वाचलात ते नशीब. वर म्हणतो, गाडीत बसायच्या आधी भोवती फेरी मारून नीट बघा, हे वर्गात कोण घोकून घ्यायचं?
वाटीभर म्हणजे चमचाभर. पण अर्लीन डबा आणि फ्रेमवाल्याकडून आलेला फॉर्म घेऊन तिथेच उभी होती. जाऊन गाडीत पेट्रोल भरून आली.

२६ जून.
जुना वेगमापक परत बसवला. नळी साफ, टोपी नवी. तरी अर्लीन गाडीनेच निघाली. मी एकटा उडालो. संकल्प: आधी पोचायचं आणि नेल्डाच्या दारात हसत उभं राहायचं. म्हणजे परतताना तरी ती मागच्या सीटवर बसेल.
समोरून तीस मैलांचा वारा. खाली हायवेवर आमची निळी गाडी. थोडा वेळ सोबत होती. मग पुढे. मग दिसेनाशी.
पोचलो तेव्हा केक कापून झाला होता. अर्लीन म्हणाली, वाटेत पोलिसाने वीस मिनिटं खाल्ली, नाहीतर कधीच आले असते. पासष्टच्या रस्त्यावर ब्याऐंशी. पावती माझ्या बशीशेजारी ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, मर्विन, तुझा तो चूक कळवायचा फॉर्म गाडीला चालतो का रे?
नियम पुन्हा वाचला. नाही चालत.