दिवाणखाना कुठल्या मजल्यावर?

नेपरव्हिल,
३ फेब्रुवारी १९८६

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंध परवा पोचला. दारात गुडघाभर बर्फ आहे. तुझे काका शिकागोच्या गाडीवर चिडले आहेत आणि मी तुझ्या तिसऱ्या प्रकरणावर.

ऑकनेल हाउसचा दर्शनी भाग ठीक उतरलाय. तासलेला दगड, चार आयोनिक खांब, वर त्रिकोणी शिरोभाग, सगळं जागच्या जागी. पण दिवाणखाना तू रस्त्याच्या पातळीवर आणून ठेवलास आणि त्यावर सिद्धांत रचलास, की १७९० साली एडिंबरोच्या या साखर व्यापाऱ्याने रीत मोडली, पाहुण्यांना जिना चढायला लावला नाही, म्हणजे तो साधा, समतावादी माणूस.

१९५४ साली तिथे मुलींचं वसतिगृह होतं. मी वर्षभर राहिले, फीत घेऊन खोल्या मोजल्या आणि वहीत लिहिलं की दिवाणखाना पहिल्या मजल्यावर आहे. एडिंबरोत काय, पुण्यात काय, पहिला मजला तळमजल्याच्या वर असतो. तू त्याचा अमेरिकन फर्स्ट फ्लोअर, म्हणजे चक्क तळमजला केलास. दहा वर्षांची होईपर्यंत पुण्यात कुठले जिने चढत होतीस?

चौदा मार्चच्या तोंडी परीक्षेआधी दुरुस्त कर.

लोभ आहे, त्याचा प्रबंधाशी संबंध नाही.
शरयूमावशी


स्टेट कॉलेज,
१० फेब्रुवारी

ती. शरयूमावशीस,
सा. न.

पत्र मिळालं. माझी रूममेट रूपाली म्हणते, वाचून तिला शाळा आठवली. मला माझी वाढदिवसाची पत्रं आठवली. तीही तू लाल शाईने तपासून परत पाठवायचीस.

नोव्हेंबरमध्ये मी फोनवर विचारलं होतं, फर्स्ट फ्लोअरच ना. तू हो म्हणालीस. १९६१ साली ऑफिसं करताना घर आतून पूर्ण तोडलं, नकाशे उरले नाहीत, पुरावा म्हणून फक्त तुझी वही आहे. तिसरं प्रकरण गेलं तर उरतं काय, खांबांची मोजदाद? मे महिन्यात डिग्री मिळाली नाही तर बॉस्टनच्या म्युझियमचा जॉब जाईल.

वही मराठीत आहे. कमिटीत मराठी कुणाला येत नाही. तू गप्प राहिलीस तर कुणाचं नुकसान नाही, त्या व्यापाऱ्याचं तर नाहीच.

काकांना नमस्कार. बाकी लोभ तुझ्या मर्जीवर.
दीपा


नेपरव्हिल,
१५ फेब्रुवारी

चि. दीपास,
आशीर्वाद.

मला गप्प बसायला सांगताना ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक केली नाहीस. म्हणजे विचार करून लिहिलंयस.

फोनवर मी हो म्हणाले हे खरं. तू फर्स्ट फ्लोअर म्हणालीस, मी एडिंबरोचा ऐकला. ती चूक माझी आणि ती मी कबूल करते.

पण त्या घरात पाहुणे चोवीस पायऱ्या चढून काचेच्या घुमटाखाली उभे राहत आणि मोलकरणी तळघरात, बिनखिडकीच्या खोल्यांत झोपत. मी त्या खोल्याही मोजल्या आहेत. असं घर बांधणाऱ्याला माझ्या वहीच्या जोरावर कुणी साधा माणूस ठरवलेलं मला चालणार नाही. तुझ्या नोकरीसाठीसुद्धा नाही.

वहीतल्या त्या पानांचं इंग्रजी भाषांतर आणि जिन्याचं रेखाटन आज सकाळी तुझ्या प्रोफेसरांना पाठवलं. तुला आधी आठवडाभर मुदत द्यावी असं मनात होतं. पण तो आठवडा तू तुझ्या आईकरवी मला फोन करवण्यात घालवला असतास.

रागावलीस तरी जेवण वेळेवर घे.
शरयूमावशी


स्टेट कॉलेज,
२ मार्च

ती. शरयूमावशीस,
सा. न.

परीक्षा ऑगस्टवर गेली. बॉस्टनने दुसरी मुलगी घेतली.

प्रोफेसर तुझ्यावर खूश आहेत. म्हणाले, इतकं काटेकोर रेखाटन त्यांच्या विद्यार्थ्यांना जमत नाही, मावशींना कमिटीपुढे बोलवू, विमानाचं तिकीट डिपार्टमेंट काढेल. मी सांगितलं, तिला प्रवास झेपत नाही.

तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं. दिवाणखाना वर नेला, मोलकरणी खाली. तू म्हणतेस तेच बरोबर होतं आणि प्रकरण आता पहिल्यापेक्षा चांगलं झालंय, हेही लिहून टाकते. मोजमापं कुणाची, हे तळटीपेत सांगावं लागतं. तिथे नाव घातलेलं नाही. एक माजी भाडेकरू, एवढंच लिहिलंय.

लोभ वाढवायची तसदी घेऊ नये.
दीपा