पुराव्यादाखल भाचा

३ मे. विमानात.
नवी वही, नवा देश, नवा संकल्प. या प्रवासात चिडायचं नाही. गोड कमी खायचं. अनोळखी माणसांना कविता ऐकवायच्या नाहीत. तिसरा संकल्प मोडला. शेजारचे गृहस्थ सज्जन वाटले म्हणून दोनच कडवी म्हटली. त्यांनी कानांना हेडफोन लावले ते सूप येईपर्यंत काढले नाहीत.

चौदा तारखेला शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्समध्ये माझा पेपर आहे: ‘पाठांतर, आयुष्यभराची शिदोरी’. वीस मिनिटांचा स्लॉट. इतर लोक आकडे दाखवतील, मी जिवंत पुरावा दाखवणार. तो म्हणजे माझा भाचा छोट्या. सहावीत आमच्याच घरी राहून माझ्याच वर्गात शिकला. आता पन्नाशी उलटली, सहा फूट उंच आहे, परदेशात लिफ्टची तपासणी करतो. तो उभा राहील आणि ‘ओढा आणि डोंगर’ ही कविता, बाराच्या बारा कडवी, न अडखळता म्हणेल. सभागृह थक्क.

त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी सांगा, असं ही म्हणाली. मी म्हटलं, उगवायच्या आधी सूर्याला कोणी नोटीस देतं का? तिने डोळे मिटले. पटलं असावं.

४ मे.
छोट्या घ्यायला आला. पार्किंगमध्येच वाकून नमस्कार केला. संस्कार जात नाहीत. गाडीत मी सहज पहिली ओळ टाकली:

खळखळ ओढा पुसे डोंगरा, माझे गाव कुठे?

दुसरी त्याच्याकडून येईल म्हणून थांबलो. तो म्हणाला, मामा, सीटबेल्ट लावा. लावला. पुन्हा पहिली ओळ म्हटली. म्हणाला, पुढे टोल आहे, जरा थांबा. टोल गेल्यावरही गप्पच. गाडी फार एकाग्रतेने चालवतो.

५ मे.
जेवताना योजना सांगितली. छोट्याचा घास हातातच राहिला. त्या दिवशी नेमकी ड्यूटी आहे म्हणाला. त्यावर भाचेसून म्हणाली, अहो, तुम्ही तर मामा-मामींसाठी पंधरा दिवसांची रजा टाकलीय ना? तो गॅस बंद आहे का ते बघायला गेला. गॅस बंदच होता, पण तो बराच वेळ बघत राहिला.

विनय हा आमच्या बहिणीच्या घरातला जुना गुण.

७ मे.
तळ्यावर सहल. नावेत आम्ही चौघं. कवितेला पाणी पोषक असतं, म्हणून तिथेच रिहर्सल घ्यायचं ठरवलं. मी ‘खळखळ’ म्हणताच छोट्याने वल्ही अशी मारली की नाव गर्रकन फिरली आणि माझी टोपी तळ्यात गेली. ही म्हणाली, पोरगा रजा काढून फिरवतोय तर मुकाट्याने फिरा. मी म्हटलं, रिहर्सल हीसुद्धा करमणूकच आहे. कोणाची, असं तिने विचारलं. अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

चिडलो नाही. टोपी नवी होती.

९ मे.
कॉन्फरन्सचा ईमेल. वीसऐवजी दहा मिनिटं. मोठ्या व्यासपीठावर थोडक्यात बोलणाऱ्यालाच मान असतो हे मी जाणून आहे. ‘माझे बालपण’ हा भाग चार पानांवरून साडेतीन पानांवर आणला. फार जिवावर आलं.

दुपारी म्युझियम. मी तळमजल्यावर असलो की छोट्या वरच्या मजल्यावर, मी वर गेलो की तो खाली. लिफ्टचा माणूस, त्याला सगळे रस्ते ठाऊक.

भाचेसुनेने चहा करताना विचारलं, मामा, ह्यांना खरंच कविता आवडायच्या? रेडिओवर कविता लागली की हे स्टेशन बदलतात. मी समजावलं की खोल भावना माणसाला सहन होत नाहीत. तिने हिच्याकडे बघितलं. हिने चहाकडे बघितलं.

११ मे.
छोट्याला गॅरेजमध्ये गाठलं. दार माझ्या पाठीशी होतं, त्यामुळे जाणार कुठे? म्हटलं, चल, तिसरं कडवं. तो म्हणाला, मामा, दुसरं काहीही सांगा. तुमची बॅग उचलतो, फोटो काढतो, पहिल्या रांगेत बसून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवतो. तेवढं एक सोडून. का, म्हणून विचारलं तर चाकांतली हवा तपासायला लागला. चारही चाकं झाली, मग डिकी उघडून स्टेपनी काढली.

स्टेजची भीती, दुसरं काय. मी युक्ती सांगितली की समोर माणसं नसून कोबीचे गड्डे आहेत असं समजायचं. तो म्हणाला, मला लोकांची भीती वाटत नाही, मामा.

गोड खाल्लं. दोनदा. माणूस वैतागला की खातोच.

१३ मे.
पुन्हा ईमेल. दहाऐवजी पाच मिनिटं. संयोजकांना हाताखाली धरून शुद्धलेखन घातलं पाहिजे. ‘माझे बालपण’ला आता हात लावणार नाही. कापायचं तर निष्कर्ष कापीन.

संध्याकाळी हिने विनाकारण जुना विषय काढला. म्हणे, मामा भाच्याचे लाड करतो असं कोणी म्हणू नये म्हणून तुम्ही रोज पहिलं त्यालाच उभं करायचात. खरंच आहे. घरी मामा, शाळेत सर, हा माझा निःपक्षपातीपणा आजही सांगण्यासारखा आहे. ही म्हणाली, तुमचा निःपक्षपातीपणा त्या पोराच्या कानावर लालभडक उमटायचा, तेल मी लावायचे. कशाचं काय घेऊन बसते.

तरी मीच विषय वाढवला नाही. छोट्याला एवढंच म्हणालो की माझ्या हातून शेकडो मुलं गेली. त्यातल्या एकाने जरी कविता जपली असेल तर मी काही केलं असं म्हणता येईल, नाहीतर नुसता खडू झिजवला. बोलताना आवाज जरा चिरकला. इथली हवा कोरडी आहे.

छोट्या बराच वेळ बशी पुसत उभा राहिला. मग म्हणाला, ठीक आहे मामा, जे आठवतंय ते म्हणतो. पण मध्ये थांबवायचं नाही. मी हात मिळवला. माझी खात्री होतीच.

१४ मे. संध्याकाळ.
लिहायचं म्हणून लिहितो.

मोठं सभागृह नव्हतं. चहाच्या टेबलांमागची खोली. थोडी माणसं, त्यातली काही चहाची वाट बघणारी. अध्यक्षबाईंसमोर घंटा. ‘माझे बालपण’ निम्मं झालं तोच एक मिनिट उरल्याची खूण आली. मी पानं मिटली आणि छोट्याला बोलावलं.

तो आला. कोटाची बटणं लावली, हात पाठीमागे बांधले, अगदी सहावीतल्यासारखे. पहिली ओळ म्हणाला. स्वच्छ, खणखणीत. मी लोकांकडे बघितलं.

मग त्याने चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, दोनदा खोकला आणि थांब म्हणाला. आवाज माझा होता. घशात बोळा कोंबलाय का, असं त्याने स्वतःलाच विचारलं. टेबलावर बोटांनी टकटक केलं, जशी मी डस्टरने करायचो. तुझी आई माझी बहीण आहे ती घरी, इथे मी सर, असं बजावलं. पहिल्यापासून म्हण, असं फर्मावलं. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा खोकला, पुन्हा थांब. तुझ्यापेक्षा भिंत बरी, ती निदान प्रतिध्वनी देते. पुन्हा पहिली ओळ. या वेळी कान धरायला वर गेलेला हात त्याने हवेतच ठेवला.

एक शब्द इकडचा तिकडे नाही. मागच्या रांगेत हिचे ओठही बरोबरीने हलत होते. भाषा कोणाला कळत नव्हती, तरी नेमक्या जागी हशा पिकत होता. वेळ संपून गेली तरी अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली नाही. टाळ्या बराच वेळ.

एकाने विचारलं, कविता फार छान, कवी कोण? छोट्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

१५ मे.
अध्यक्षबाईंचा ईमेल. एवढ्या वर्षांनंतर इतकं अचूक पाठांतर त्यांनी कुठे पाहिलं नाही. पुरावा निर्विवाद आहे म्हणे. हिने तो ईमेल मोठ्याने वाचला. दोनदा.

दुपारी गाडीतून फिरायला निघालो. मी छोट्याला विचारलं, दुसरी ओळ? तो म्हणाला, खरं सांगू, मामा? दुसरीपर्यंत कधी पोचलोच नाही. तुम्ही पोचू दिलं नाही.

मी ती म्हणायला तोंड उघडलं. टोल आला. थांबलो.

टोल गेल्यावर त्यानेच विचारलं, मामा, त्या ओढ्याला शेवटी गाव मिळतं का? मिळतं, म्हणालो, बाराव्या कडव्यात. बरं झालं, म्हणाला, आणि रेडिओ लावला. कोणीतरी कविता म्हणत होतं. भाषा कळली नाही, लय ओळखू आली.

छोट्याने स्टेशन बदललं.