जूनची तारीख

६ डिसें., रवि.
पांढरी साडी. सकाळी विहारात वंदना. यंदा दादरला गेलो नाही, प्रज्ञाची यादी लागायची होती. दुपारी मोकाशी सर स्वतः आले. सर तिला चार वर्षं मैदानावर पळवतात, पण कुणाच्या घरी जात नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "ताई, चहा नको, पाणी द्या. पोरगी महाराष्ट्राच्या संघात. आठशे मीटर, लहान गट."
देशभरातल्या पोरापोरींच्या स्पर्धा, कुस्तीपासून खो-खोपर्यंत सगळे खेळ. आणि जानेवारीत, इथे पुण्यातच, बालेवाडीला. म्हणजे मलाही बघता येईल. आजवर तिला शर्यतीत पळताना पाहिलेलं नाही. नुसती पहाटे दार लावते तिच्या मागे.
हे कंपनीतून आले, ऐकलं. मग पिशवीतून केळी काढून तिच्यापुढे ठेवली.

९ डिसें., बुध.
फॉर्म आला. शाळेचा जन्मतारखेचा दाखला जोडायचा. प्रज्ञा आजच घेऊन आली. १२ जून. बघितलं आणि घडी घालून परत दिला. भाकरी करपली.

१४ डिसें., सोम.
सर पुन्हा आले. या वेळी बसले.
एक जुलै किंवा त्यानंतरचा जन्म हवा. बारा जूनला एकोणीस दिवस जास्त भरतात. राज्य स्पर्धेत कुणी काटेकोर बघितलं नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, तारीख घातली की नाव आपोआप बाहेर. "पूर्वी कारकुनाला विनवता यायचं. या डब्याला काय विनवणार?"
उठताना प्रज्ञाला म्हणाले, "तुला पळायची एवढी घाई, जन्माला पण एकोणीस दिवस आधी आलीस."
तिला हसू आलं, मग रडू. म्हणाली, "मला नाही सर, आईलाच घाई."
मी आत गेले.

१४, संध्या.
लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगणार.
प्रज्ञा जूनची नाही. भाद्रपद पौर्णिमेची, १० सप्टेंबर. माहेरी झाली. ग्रामपंचायतीचा दाखला ट्रंकेत आहे, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत. पहिलीत घालायला जूनअखेर पाच पूर्ण हवी होती. कारकुनानं विचारलं, जन्माचा दाखला? मी म्हणाले, नाही हो, खेड्यातलं बाळंतपण. तारीख? १२ जून. फॉर्म मीच भरला, चांगल्या अक्षरात.
वडिलांनी मला दोन वर्षं घरी बसवलं होतं. मॅट्रिक झाले तेव्हा लग्नाची बोलणी दारात उभी. आणखी दोन वर्षं हाताशी असती तर पुढे शिकले असते. म्हणून हिचं एक वाचवलं. वाटलं, वर्ष वाचलं, कुणाचं काय गेलं?

१५ डिसें., मंगळ.
यांच्याशी बोलले. पोरगी मैदानावर गेली होती.
"दाखला काढते ट्रंकेतून."
"आणि शाळेत काय सांगणार? दहा वर्षं खोटं लिहिलं?"
"हो."
"कंपनीत माणसं कमी करतायत. सही करा, पैसे घ्या, घरी बसा. माझं कधी होईल माहीत नाही. उद्या घर हिच्यावर. दहावीच्या तोंडावर कागदात खोट निघाली तर? शर्यत दोन-तीन मिनिटांची असते. कागद जन्मभर पुरतो."
खोटं नाही म्हणाले ते. पण बरोबरही नाही.

१७ डिसें., गुरु.
वंदना. पंचशील रोज म्हणते, लग्नाआधीपासून. आज चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, आवाज फुटेना. शेजारची म्हणाली, सर्दी झाली का? हो म्हणाले. तेही खोटंच.
तिथून उठून थेट शाळेत, मोठ्या बाईंकडे. दाखला पिशवीत होता. बाई म्हणाल्या, "तारीख बदलता येते, पण दहावीच्या परीक्षेच्या आत. नंतर हीच तारीख जन्मभराची. चूक कुणाची, कशी झाली, ते पालकांनी लेखी द्यायचं. का हो, प्रज्ञाचं काही आहे का?"
मी म्हणाले, "नाही, नणंदेच्या मुलाचं."
पिशवी न उघडता घरी आले.

२१ डिसें., सोम.
आज नावं द्यायची शेवटची तारीख. संध्याकाळी पाचपर्यंत घड्याळाकडे बघत गहू निवडले. पाच वाजले. सवापाच.
तिच्या जागी शबाना जाणार, राज्यात तिच्या खालचा नंबर. पलीकडच्याच गल्लीतली, दोघी एकत्रच पळतात.

२३ डिसें., बुध.
शबानाची अम्मी आली. हातात बर्फी, पण पुढे करेना. "भाभी, तुमचीचं नाव खोडलं म्हणून आमचीचं लागलं. तोंड गोड करा म्हणायला जीभ रेटत नाही."
प्रज्ञानंच डबा उघडला. "काकू, ती जिंकली तर ट्रेनिंग माझंच." खाल्ली, हसली. मग मोरीत बराच वेळ नळ सोडून बसली होती.
अम्मी म्हणाली, नशिबाचा खेळ. मी मान डोलावली. दुसऱ्याच्या नशिबावर ढकलायला किती सोपं जातं.

२ जाने., शनि. पौर्णिमा.
उपोसथ. दुपारनंतर काही खाल्लं नाही. मन लागलं नाही.
डायरी कंपनीची, मागच्या वर्षीची. वार खोडून लिहिते.

१४ जाने., गुरु.
शबानाची शर्यत. प्रज्ञा म्हणाली, "आई, तू येणार होतीस ना? मग चल." दोन बस बदलून बालेवाडी. केवढं ते मैदान. पंजाबच्या, मणिपूरच्या, केरळच्या पोरी, प्रत्येकीच्या पाठीवर आपलं राज्य. इतक्या लांबून आल्या होत्या, आणि आपली येरवड्याहून येऊन पायऱ्यांवर बसलेली.
मला सगळं समजावत होती. आता बंदूक, आता आतली लेन, आता घंटा म्हणजे शेवटची फेरी. "शब्बो, हात सैल सोड!" आवाज बसेपर्यंत ओरडली. शबाना चौथी. पदक थोडक्यात गेलं.
फळ्यावर वेळ लागली. प्रज्ञानं बघितली आणि माझा हात धरला. तिसऱ्या पोरीची वेळ प्रज्ञाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा जास्त होती. म्हणजे हिला... पण ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. बारा जूनला काय करणार?"
बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी हलले नाही.

२० जाने., बुध.
सहावा दिवस, पहाटे उठत नाही. मी हाक मारते, कूस बदलते. सरांचा निरोप: वयाचा लहान गट संपला, यापुढे मोठ्यांत पळावं लागेल, पण ये. गेली नाही. "कॉम्प्युटरचा क्लास लावते आई. सगळे लावतायत." चांगलंच आहे. शबाना दारापर्यंत येते आणि परत जाते.

३० जाने., शनि.
यांना सांगितलं, मी तिला सांगणार. म्हणाले, "आता सांगून कुणाचं भलं?" मी म्हणाले, तरी सांगणार.

३१ जाने., रवि. पौर्णिमा.
विहारातून आले. ती केस विंचरत होती. दाखला पुढे ठेवला.
दोनदा वाचला. "हे कुणाचं?"
"तुझं. भाद्रपद पौर्णिमेला विहारात खीर नेते ना मी, ती तुझीच."
फॉर्म, कारकून, वाचवलेलं वर्ष, मोठ्या बाई, सगळं सांगितलं. नणंदेच्या मुलाचंही.
"सर आले तेव्हा तुला माहीत होतं?"
"हो."
"शेवटच्या तारखेला?"
"हो."
"बालेवाडीत माझ्याशेजारी बसली होतीस, तेव्हा पण?"
"हो."
रडेल वाटलं, ओरडेल वाटलं. फणीतले केस काढले, गुंडाळले, बाहेर टाकून आली. हे खुर्चीवर पेपर उलटा-सुलटा करत बसलेले.

१ फेब्रु., सोम.
शाळेत द्यायचा अर्ज लिहिला. चूक कुणाची, तिथे माझं नाव. यांनी वाचला. सही केली नाही, फाडलाही नाही.
प्रज्ञा बोलत नाही. सकाळी माझ्याआधी उठून स्टोव्हवर चहा ठेवला. तीन कप ओतले. एक पप्पांना दिला, एक स्वतः घेतला. तिसरा ओट्यावर. माझा का, विचारायचा धीर झाला नाही. साय धरली तरी तो तिथेच आहे.