कार्डात ड्रायव्हर भरण्याची माझी पद्धत

३ नोव्हेंबर, सोमवार

आनंद पोटात मावत नाहीये. ग्रंथपालबाई वर्षअखेरीस निवृत्त होणार! कमिटीने आज जाहीर केलं. खुर्ची रिकामी. बाईंच्या खालोखाल वाचनालयात मीच, सहायक ग्रंथपाल. माझ्या खालोखाल शिपाई, आणि तो दुपारी झोपतो. म्हणजे प्रश्नच मिटला.

अध्यक्षांनी मात्र किंचित खोडा घातला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य. अजूनही बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांत बघतात. ते म्हणाले, नव्या ग्रंथपालाला नवं जमलं पाहिजे. मागच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर धूळ खात पडलेत, ते इंटरनेटला जोडून खोली वाचकांसाठी उघडायची. उद्घाटन सतराला. बाहेरचा माणूस बोलवावा का, असं त्यांनी विचारायला आणि मी उभा राहायला एकच गाठ पडली. गरज नाही, असं ठणकावून सांगितलं. मी बघतो म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. छान वाटलं.

खुर्ची फिरती घ्यावी की साधी?

४ नोव्हेंबर, मंगळवार

कामाला हात घातला. पहिला कॉम्प्युटर उघडला. आत धूळ. शिंकलो. धूळ पाठीमागून पुढे आली. पुन्हा शिंकलो. दिवसाचा पूर्वार्ध शिंकण्यात गेला, पण पाया पक्का झाला.

आत एक हिरवी पट्टी आहे, तिच्या टोकाला इंटरनेटची केबल खुपसायचं भोक. हेच नेटवर्क कार्ड. केबल खुपसली. काही झालं नाही. पुन्हा जोरात खुपसली. तरी नाही. पडद्यावर कार्डाच्या नावापुढे पिवळं चिन्ह.

घरी येऊन सहज बोललो तर बायकोने मला न विचारता साडूला फोन लावला. साडू एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे आणि दर वाक्यानंतर हसतो. साडूभाऊ, ड्रायव्हर टाकला का, असं विचारून हसला. कार्ड चालवायला एक सॉफ्टवेअर लागतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात म्हणे. येऊ का, असं विचारून पुन्हा हसला. मी नको म्हटलं. असली कामं माझ्या हातचा मळ आहेत.

फिरतीच घ्यावी.

५ नोव्हेंबर, बुधवार

कॉम्प्युटरला ड्रायव्हर मागितला. तो म्हणाला, इंटरनेटवर शोधू का? हो म्हटलं. तो म्हणाला, इंटरनेट नाही. म्हणजे इंटरनेटसाठी ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट! पूर्ण दिवस मी हो म्हणत राहिलो आणि तो नाही म्हणत राहिला. संध्याकाळपर्यंत आमची चांगली ओळख झाली.

बायको म्हणाली, मोबाइलवर उतरवून घ्या ना. हसलो. असली कामं मोबाइलवर होत नसतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंना आठवलं, कॉम्प्युटर आले तेव्हा खोक्यात ड्रायव्हरची सीडी होती. मग गेली कुठे? आमच्या वाचनालयाची शिस्त कडक. दारातून जी वस्तू आत येते तिच्यावर शिक्का बसतो, नंबर पडतो आणि ती वाचकांना घरी नेता येते. सीडीचंही तेच झालं. नंबर पडला, कपाटात गेली आणि एका वाचकाने ती घरी नेली. नेली ती नेलीच.

ड्रायव्हर घरी नेऊन कोणी काय वाचलं असेल, हा विचार दिवसभर डोक्यातून जाईना.

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडली! सीडी नेणारे काका मागच्याच रस्त्यावर राहतात. सीडीत गाणी असतील म्हणून नेली होती. गाणी निघाली नाहीत, तेव्हा बाल्कनीत दोऱ्याला बांधून टांगली. वाऱ्यावर फिरते, उन्हात चमकते, आणि कबुतरं फिरकत नाहीत. वाचनालयाचे फार उपकार आहेत, असं काका म्हणाले.

परत मागितली तर काकांचा चेहरा पडला. मग कबुतरांचं काय, म्हणाले. मी मुत्सद्देगिरीने प्रश्न सोडवला. घरी जाऊन स्टीलच्या मोठ्या डब्याचं झाकण आणलं आणि दोऱ्याला बांधून दिलं. काका खूश. झाकण वाऱ्यावर कठड्याला लागून वाजतंसुद्धा.

सीडीच्या चमकत्या बाजूला वाचनालयाचा गोल शिक्का आहे. काय सुरेख उठलाय! एक अक्षर फुटलेलं नाही. असा शिक्का मारणारा हात या इमारतीत एकच आहे. बाईंना दाखवला. बाईंनी सीडी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, ही बाजू कॉम्प्युटर वाचतो हो. कौतुक करायची प्रत्येकाची पद्धत वेगळी.

संध्याकाळी बायको डब्याचं झाकण शोधत होती. मीही मदत केली.

१० नोव्हेंबर, सोमवार

सीडी आत सरकवली. आतून घरघर, मग खडखड, मग शांतता. बाहेर काढून फुंकली. पुन्हा खडखड. शर्टाला पुसली. खडखड वाढली. कॉम्प्युटर जुना, त्याच्या लक्षात यायला वेळ लागतो. घाई करून चालत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सीडी घरी आणली होती. बायकोने साबणाच्या पाण्याने शिक्का पुसून टाकला! न विचारता! एवढा सुरेख शिक्का! जेवायला बसलो. वादाने घर बिघडतं.

झाकण सापडलं नाही अजून.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झालं! झालं! झालं!

सीडी चालली. (तिला एक दिवस विश्रांती दिली, त्याचा परिणाम.) पडद्यावरची पट्टी भरत गेली, काठोकाठ भरली, आणि खाली आलं की ड्रायव्हर यशस्वीरीत्या बसला. कार्डावर हिरवा दिवा लुकलुकला. मीही लुकलुकलो. इंटरनेट सुरू! धावत जाऊन शिपायाला उठवलं आणि दाखवलं. त्याने पाहिलं आणि पुन्हा झोपला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाई मनाने मोठ्या आहेत. मी त्यांना निरोपसमारंभात भाषण करू देणार आहे.

इंटरनेटवर सगळ्यात आधी फिरत्या खुर्च्या बघितल्या. पाठीला जाळी असलेली चांगली दिसते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डोकं असावं तर असं. स्वतःचंच आहे म्हणून लिहायला संकोच वाटतो, पण दुसरं कोण लिहिणार?

प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन सीडीची घरघर ऐकत बसायचं कशाला? ड्रायव्हर लागतो कार्डाला. कॉम्प्युटर नंबर एक उत्तम चालतोय. मग बाकी तिघांतली कार्डं काढायची, एकेक करून नंबर एकमध्ये बसवायची, ड्रायव्हर भरून घ्यायचा, आणि भरलेलं कार्ड परत ज्याचं त्याला! कमाल म्हणजे दुसऱ्या कार्डाला सीडीसुद्धा लागली नाही. बसवताक्षणी हिरवा दिवा. तिसऱ्यालाही नाही, चौथ्यालाही नाही. कार्डं एकमेकांचं बघून शिकतात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी लिहीन.

एक कार्ड कॉम्प्युटर चालू असतानाच उपटत होतो. शिपाई झोपेतून ओरडला. इतका जागा माणूस मी पाहिला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भरलेली कार्डं आपापल्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. झाकणं लावली. स्क्रू घट्ट. थोडे उरले. पूर्वीचे लोक उगाच जास्त लावायचे.

बाई म्हणाल्या, एकदा चारही चालू करून बघूया. मी समजावलं. पुस्तकावर शिक्का मारला आणि ते दुसऱ्या कपाटात ठेवलं तर शिक्का पुसला जातो का? तसंच हे. ड्रायव्हर कार्डात गेला तो गेला. बाईंनी चष्मा काढून पुसला. निरुत्तर. नव्या जमान्याचं त्यांना झेपत नाही, यात त्यांचा दोष नाही.

अध्यक्षांना फोन करून चारही तयार असल्याचं कळवलं. त्यांनी खबरदारी म्हणून बाहेरचा एक तंत्रज्ञ सांगून ठेवला होता. मला अपमान वाटला. रद्द करायला लावला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाईंनी माझ्या बायकोला फोन केला होता. बराच वेळ बोलत होत्या. साडूचा नंबर घेतला म्हणे. बाईंच्या दृष्टीने आता तोच मोठा माणूस! हॉस्पिटलमध्ये काही ओळख हवी असेल. या वयात तब्येतीच्या तक्रारी सुरू होतात. निवृत्त होताहेत तेच बरं.

भाषणाचा मसुदा केला. मग लहान केला. मग पुन्हा मोठा केला.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

आज! दाढी दोनदा केली. बायकोने इस्त्री केलेला शर्ट काढून दिला आणि म्हणाली, अजून वेळ आहे, जाऊन चारही चालू करून बघा. घरातही निरुत्तर करावं लागलं. निघतो.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ

अध्यक्ष नंबर दोनवर बसले. तिथे फोटोसाठी उजेड चांगला. मी नंबर एककडे नेत होतो, पण ऐकलं नाही.

इंटरनेट नाही. पिवळं चिन्ह.

नंबर तीन. पिवळं. नंबर चार. पिवळं.

कार्डं नवीन माणसांत बावरतात, असं मी म्हणालो. खोली वाचकांनी भरलेली. कोणीतरी हसलं. साडू आलेला नव्हता, त्यामुळे दुसरंच कोणीतरी असणार. अध्यक्ष माझ्या दातांकडे बघत राहिले. मी तोंड मिटलं.

मग बाई म्हणाल्या, अध्यक्षांनी तोवर दोन शब्द बोलावेत. आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला. अध्यक्षांचं भाषण दातांच्या निगेवर गेलं तसं नंबर दोन सुरू झाला. ते हिरड्यांपर्यंत आले तोवर तीन. टाळ्या पडल्या तेव्हा चारही हिरवे लुकलुकत होते. टाळ्या कोणाला होत्या हे कोणी विचारलं नाही. मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे सर्वांसमोर बाईंना विनंती केली, आणखी दोन वर्षं थांबा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी केबलकडे बघितलं. बाई हो म्हणाल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साडूला मीच फोन केला. तो म्हणाला, ड्रायव्हर कार्डात जातच नाही, कॉम्प्युटरमध्ये बसतो. तुम्ही चारही कार्डांसाठी तो नंबर एकमध्येच बसवलात. बाकी तिघं कोरेच राहिले. साडूभाऊ, मेन्यू कार्डं चार छापली म्हणून स्वयंपाक चार घरी होतो का? एवढं बोलून तो हसला नाही. याचंच मला जास्त लागलं.

ही गोष्ट कंपनीने कार्डावर ठळक लिहायला काय हरकत होती?

दुपारी बाईंनी बोलावलं. चहा मागवला. म्हणाल्या, खुर्चीसाठी तुमचंच नाव मी कमिटीला सांगितलं होतं. शनिवारी साडूंकडून ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह आणला तो गुपचूप काम उरकून तुमची लाज राखावी म्हणून. रविवारी मागच्या खोलीची किल्ली मागायला तुमच्या घरी आले, तर तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. उद्घाटनाआधी कोणी हात लावायचा नाही, असं म्हणालात.

खरं आहे, म्हणालो होतो. त्या वेळी आवाजही चांगला लागला होता.

बाई म्हणाल्या, मला जायचं होतं हो. पण तुम्हाला शिकवल्याशिवाय जाववणार नाही.

वाईट वाटलं. मला खुर्ची मिळाली नाही याचं वाटलंच, पण बाई थकल्यासारख्या दिसत होत्या त्याचंही वाटलं. चहा थंड झाला. तसाच प्यायलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शांतपणे विचार केला. दोन वर्षं म्हणजे भरपूर वेळ. उलट बरंच झालं. तोवर फिरत्या खुर्च्या आणखी सुधारतील. शिवाय खोली उघडली, वाचक आले, चारही कॉम्प्युटर चालले. सुरुवात कोणी केली? शिंकलं कोण?

बाई मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करताहेत. मी आपणहून शिकवायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, तुमचं नाव मी आधीच घातलंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शिकणाऱ्यांत घातलं होतं.

पहिल्या बाकावर मी. शेजारी बायको. तिने नाव कधी घातलं, मला पत्ता नाही. मागे कबुतरवाले काका आणि शिपाई, जागा.

आजचा धडा, कॉम्प्युटर सुरू कसा करायचा. सुरुवातीला कोण करून दाखवेल, असं बाईंनी विचारलं. मी हात वर केला. वर्गात दुसरा हात नव्हता. बाईंनी माझ्याकडे बघितलं, बाकी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, यांना सोडून आणखी कोण?

बायकोने हात वर केला.