पोटातलं नातवंड आन दाराशी बसलेला आजा

आमच्या मंजुश्रीचे सासरे, इवाई राजशेखरअप्पांना उदगीरहून ईश्वरप्पाचं शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा काय म्हणतोय? इवाईनबाईंचा खोकला हटला का? (आमच्याकडं समदे धडधाकट. आमच्या मंडळींचा, नीलाबाईचा, आवाज तर लईच.)

आता नांदेडची हकिकत. सोनोग्राफीत नातवंडाच्या मेंदूत जरा जास्त पाणी दिसलं, म्हणून पोटातल्या लेकराचा एमआरआय सांगितला, हे तुम्हाला ठाऊकच हाय. मशीनवर लुंबिनी नावाची पोरगी. म्हणली, अंगावरचं समदं धातूचं काढा. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली, आन गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीपाशी घोडं अडलं. आमची मंजुश्री म्हणली, जन्मापासून काढलं न्हाई, आज तर मुळीच न्हाई. (हट्ट आईचा. नाक तेवढं माझं.) शेवटी ठरलं, मी डबी दोन्ही हातांत धरून दाराशी बसायचं, आन ती बाहेर येईस्तोवर जागचं हलायचं न्हाई.

अहो, मी गिऱ्हाईक समोर असताना दहादा उठणारा माणूस! बसलो की लगेच नाक खाजवायला लागलं. खिशात तुमचा फोन वाजून वाजून थकला, पण हात गुंतलेले, उचलू कसा? आन आत नातवंड! लुंबिनी बाहेर येऊन म्हणली, "काका, बाळ लई हालतंय, एक फोटो धड येऊन न्हाई राहिला." नीलाबाईनं माझ्याकडंच बघितलं, जसं काही मीच आत नाचून राहिलो.

मला वाटलं, झालं, संपलं. तर डॉक्टर म्हणले, हालू द्या. मशीन पातळ पातळ कापांचे फोटो घेती, उभे, आडवे, परत परत. (ताट हालत असताना वड्या पाडाव्या, तसं.) मग कम्प्युटर प्रत्येक काप कुठला, तवा लेकरू कुठं वळलं हुतं, हे हुडकून समदं जागच्या जागी बसवतो. लईच बिघडलेले फोटो टाकून देतो. संध्याकाळी पडद्यावर अख्खा मेंदू दिसला, साफ, स्थिर! डॉक्टर म्हणले, पाणी अगदी काठावर हाय, बाकी घडण नीट, जन्मल्यावर एकदा तपासू, घोर सोडा. मी अख्ख्या दवाखान्याला अर्धापूरची केळी वाटली.

आपला,
ईश्वरप्पा

ता. क. फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. त्या संध्याकाळी तुम्हाला उलटा फोन लावून मी नुसतं "बरं हाय" म्हणून ठेवला, तुम्हाला वाटलं रेंज गेली. रेंज भरपूर हुती. आदल्या दिवशी तुम्ही म्हणला हुता, "रिपोर्ट कसाबी येऊ द्या, लेकरू आपलंच हाय." पोरीच्या बापाला असं म्हणणारा इवाई मिळायला नशीब लागतं. हे फोनवर बोलणं जमलं न्हाई, म्हणून लिहिलं.

आणखी ता. क. खरं काम ऱ्हायलंच. बारशाला मला चार शब्द बोलायला कुणी उभं केलं, तर तुम्ही आडवे या. अर्धं उदगीर माझं गिऱ्हाईक हाय. त्यांच्यासमोर ढसाढसा रडलो, तर दुसऱ्या दिवशी दुकानात भाव ताणून धरू कसा?