पहिल्या बाकापर्यंत

३ ऑक्टोबर, मंगळवार

लिहा बाई, मी म्हणते तसंच लिहा! स्वल्पविराम तुमचे, शब्द माझे. आणि ही वही त्रायकोला दाखवायची नाही.

त्रायको म्हणजे माझा लेक. बाई म्हणजे इथल्या भाड्याच्या खोलीची मालकीण व्हांगेलिया, जन्मभर शाळेत शिकवलेली. मला अक्षर येत नाही, हिला गप्प बसता येत नाही — जोडी जमली.

गावात घरोघरी लाल मिरच्या भाजतायत, वर्षभराचं आयवार, म्हणजे त्यांची चटणी, घालतायत. आणि मी इथे ओहरिडला, तळ्याकाठी हवा खाते! का? तर लेकाची अट. इथून कड्यावरच्या देवळापर्यंत काठाकाठाने सहा बाकं आहेत. रविवारपर्यंत मी कुठेही न बसता देवळाशी पोचले, तर माझं घर, माझ्या कोंबड्या, माझा अक्रोड मला परत. नाहीतर कायमची शहरात, स्कोप्येला, त्याच्या फ्लॅटमध्ये. पाचवा मजला, लिफ्ट नाही! सून गेल्यापासून एकटाच असतो तिथे.

"आई, तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटते गं."

म्हटलं, "त्यांनी तुझ्याकडे तक्रार केली का?"

४ ऑक्टोबर

तीन बाकं. पुढे त्रायकोनेच जाऊ दिलं नाही. प्रत्येक बाकावर हा बसतो आणि मला म्हणतो, "आई, दम खा जरा. तळं बघ किती छान."

तळं उभ्यानेही दिसतं!

बाई हसतायत. हसणं लिहू नका, शाई जाते.

५ ऑक्टोबर

चार बाकं. त्रायकोच्या बुटाची नाडी सुटली. वाकायच्या आधी इतका वेळ उभा राहिला, की शेवटी मीच वाकून बांधली. पंचावन्न वर्षांचा बाप्या! मागून एक बाई कुत्रं घेऊन आली, म्हणाली, "आजी, या वयात काय कंबर आहे तुमची!" मी त्रायकोकडे बघितलं. तो तळं बघत होता.

६ ऑक्टोबर

बसने संत नाउमच्या मठात गेलो. तिथे संताच्या थडग्याला कान लावला की त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. रांगेत उभी राहून मीही लावला. धप — धप — धप. शांत, एकसारखे. जाऊन हजार वर्षं झाली, तरी काही तक्रार नाही! बाहेर मोर केकाटत होते, तेवढाच त्रास.

परतीच्या बसमध्ये त्रायको झोपला. गार वारा येत होता, म्हणून त्याच्या कोटाचं बटण लावायला वाकले. कान छातीशी आला. दोन ठोके. मग काहीच नाही. मग घाईघाईने तीन-चार, कुणी मागे लागल्यासारखे.

खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी होती. ती आणून बाईंना दाखवली. बाईंनी चष्मा लावला, मग काढला. "माझ्या नवऱ्याला ह्याच होत्या," म्हणाल्या. "काळजासाठी."

आज एवढंच लिहा.

७ ऑक्टोबर

उजाडताच एकटी निघाले. सहाही बाकं! देवळाच्या पायरीला हात लावला आणि परत आले. कुठेही बसले नाही. त्रायको तेव्हा चहात साखर ढवळत होता. "आई, कुठे गेली होतीस?"

"पाव आणायला."

"पाव कुठाय?"

"संपला होता."

८ ऑक्टोबर, रविवार

पहिल्याच बाकावर बसले. म्हटलं, "त्रायको, गुडघा गेला रे. मला स्कोप्येला घेऊन चल."

तो शेजारी बसला. मग म्हणाला, "आणि कोंबड्या?"

"शेजारीण टपूनच बसलीय. देऊन टाकू."

बाई, रडू नका, कागद ओला होतोय. लिहा — पाच मजले आहेत. प्रत्येक मजल्यावर मला बसावं लागेल, आणि माझ्या शेजारी त्यालाही, असं आत्ताच सांगून ठेवलंय.